जपून ठेवलेला खराब रस्ता

उत्तर फ्रान्समध्ये, बेल्जियमच्या सीमेपासून जवळच, आरेनबेर्ग नावाचे जंगल आहे. त्यातून एक दगडी रस्ता जातो. लांबी सुमारे २.३ किलोमीटर, दिशा सरळसोट, दोन्ही बाजूंना उंच झाडी. या रस्त्यावरून मोटारी जात नाहीत. २०२५ मध्ये वसंत ऋतूच्या सुरुवातीला तिथे शेळ्यांचा कळप आणून सोडला होता. दगडांच्या फटींमध्ये वाढलेले गवत खाऊन टाकणे एवढेच त्यांचे काम. ओल्या गवतावरून सायकलचे चाक घसरते म्हणून ही तजवीज. वर्षातल्या एका दुपारी पावणेदोनशेच्या आसपास व्यावसायिक सायकलपटू या रस्त्यावरून जातात आणि त्यांतल्या आघाडीच्या लोकांना तो पार करायला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे लागतात. तेवढ्यासाठी हा रस्ता वर्षभर सांभाळला जातो.

ही शर्यत म्हणजे पॅरिस-रूबे. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली, पॅरिस-रूबे तिच्याही सात वर्षे आधी. टूर तीन आठवडे चालते, हिचा निकाल एका दिवसात लागतो. सायकलिंगमधल्या ज्या पाच जुन्या आणि सर्वांत मानाच्या एकदिवसीय शर्यतींना ‘मॉन्युमेंट’ म्हणतात, त्यांपैकी ही एक. बाकी चार ठिकाणी विजेता बहुतेक वेळा घाटात किंवा शेवटच्या चढावर ठरतो. रूबेच्या मार्गावर डोंगर सोडाच, धड टेकडीही नाही. इथे जे काही घडते ते दगडांमुळे घडते. म्हणूनच या शर्यतीची गोष्ट सांगायची तर ती विजेत्यांपेक्षा रस्त्याची सांगावी लागते, असे मला वाटते.

रूबे हे एकोणिसाव्या शतकातले कापडगिरण्यांचे शहर. तिथल्या थिओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी १८९५ साली शहरात सायकल शर्यतींसाठी वेलोड्रोम, म्हणजे बंदिस्त धावपट्टीचे मैदान, बांधले. मैदान तर झाले, आता त्याचे नाव गाजायला हवे. त्यांनी पॅरिसच्या ‘ल व्हेलो’ या क्रीडा दैनिकाला पत्र लिहिले : पॅरिसहून निघणारी आणि आमच्या मैदानात संपणारी शर्यत भरवा, बक्षीस आम्ही देतो. पहिल्या क्रमांकाला एक हजार फ्रँक. बोर्दो-पॅरिस ही त्या काळची मोठी शर्यत, तिच्या आधीचा सराव म्हणून ही चालेल, असा त्यांचा युक्तिवाद होता.

दैनिकाने व्हिक्टर ब्रेयर नावाच्या पत्रकाराला मार्ग पाहून यायला पाठवले. आमिआँपर्यंत तो मोटारीतून गेला, पुढे सायकलवर. थंडी, पाऊस आणि दगडी रस्ते. रूबेला पोहोचला तेव्हा तो चिखलाने माखलेला होता आणि थकून गेला होता. ही शर्यत म्हणजे माणसांना धोक्यात घालणे आहे, रद्द करा, अशी तार पॅरिसला करायची असे त्याने ठरवून टाकले होते. मात्र संध्याकाळी गरम जेवण झाले, यजमानांशी गप्पा झाल्या आणि तार राहून गेली. १९ एप्रिल १८९६ रोजी पहिली शर्यत झाली. सुमारे २८० किलोमीटरचे अंतर जर्मनीच्या योसेफ फिशरने ताशी ३० किलोमीटरच्या सरासरीने कापले. तिसरा आलेला मोरिस गारँ हा मूळचा इटलीचा, लहानपणी धुराडी साफ करणारा मुलगा. पुढची दोन वर्षे रूबेत तोच जिंकला आणि १९०३ साली पहिल्या टूर द फ्रान्सचा विजेताही तोच ठरला.

त्या वेळी दगडी रस्त्यांचे कुणालाच अप्रूप नव्हते, कारण त्या भागातले बहुतेक रस्ते तसेच होते. शर्यतीला ‘उत्तरेचा नरक’ हे नाव पडले तेही दगडांमुळे नव्हे. पहिल्या महायुद्धाची पश्चिम आघाडी नेमकी याच प्रदेशातून गेली होती. १९१९ साली शर्यत पुन्हा भरवता येईल का हे पाहायला आयोजक आणि पत्रकार पॅरिसहून निघाले. पुढे पुढे जाताना त्यांना झाडांचे जळके बुंधे, तोफगोळ्यांचे खड्डे, उद्ध्वस्त गावे आणि कुजक्या जनावरांचा वास एवढेच भेटत गेले. तिथल्या वर्णनात ‘नरक’ हा शब्द आला आणि तो शर्यतीला कायमचा चिकटला. १९०९ ते १९११ अशी सलग तीन वर्षे जिंकलेला ओक्ताव्ह लापीझ १९१७ साली लढाऊ वैमानिक म्हणून मारला गेला होता. १९१३ चा विजेता फ्राँस्वा फाबेर १९१५ साली याच उत्तरेतल्या आर्त्वा भागात लढताना गेला. या नावामागे अशी माणसे आहेत. आजच्या जाहिरातबाजीत ते सहज विसरले जाते.

दगडी रस्ता दुर्मीळ झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. देश सावरत होता, गावोगावी डांबर पडत होते. वर्षातून एकदा टीव्हीवर आपले गाव चिखलात बुडालेले दिसावे हे कुठल्या महापौराला आवडेल? शर्यतीचा मार्ग जाहीर झाला की तिथल्या दगडांवर डांबर टाकून रस्ता ‘सुधारण्याची’ घाई सुरू व्हायची. यात गावकऱ्यांची काही चूक नव्हती, त्यांना रोज त्याच रस्त्याने शेतात आणि कामावर जायचे होते. पण १९६५ च्या शर्यतीत दगडी रस्ता फक्त २२ किलोमीटर उरला. मोठा घोळका एकत्रच रूबेला पोहोचू लागला आणि ही शर्यत बाकीच्या शर्यतींसारखीच होण्याच्या बेतात आली.

तेव्हा आयोजक जाक गोदे याने माजी सायकलपटू आल्बेर बूव्हे याला नकाशे घेऊन आडवाटा शोधायला पाठवले. शेतांमधल्या, खाणींजवळच्या, विसरलेल्या वाटा हव्या होत्या. बूव्हेला मदत मिळाली जाँ स्ताब्लिन्स्कीची. पोलंडहून आलेल्या खाणकामगार कुटुंबातला हा मुलगा. वडील गेल्यावर लहान वयात खाणीत उतरला, पुढे सायकलवर नाव कमावले आणि १९६२ साली विश्वविजेता झाला. त्याने सुचवलेला रस्ता आरेनबेर्गच्या जंगलातला होता. त्याच जंगलाखालच्या कोळशाच्या खाणीत त्याने काम केले होते. या रस्त्याखाली राबलेला आणि रस्त्यावरून शर्यतीत धावलेला सायकलपटू आपण एकटेच, असे तो अभिमानाने सांगे. गोदेने रस्ता पाहिला तेव्हा त्याला धडकीच भरली, असे सांगतात. तरी १९६८ साली आरेनबेर्ग शर्यतीत आले. त्या वर्षी जिंकला विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी घातलेला एडी मर्क्स.

खाण १९८९ साली बंद पडली. कोळसा काढणारे तिचे पोलादी मनोरे अजून उभे आहेत. ‘जर्मिनल’ या १९९३ च्या चित्रपटाचे चित्रीकरण तिथे झाले आणि २०१२ मध्ये युनेस्कोने त्या संपूर्ण कोळसा-पट्ट्याला जागतिक वारसा ठरवले. स्ताब्लिन्स्कीचे स्मारक जंगलाच्या तोंडाशी आहे. रूबेच्या गिरण्याही एकेक करून बंद झाल्या. गिरणगाव पाहिलेल्या मराठी वाचकाला त्या शहराचा चेहरा वेगळा समजावून सांगायला नको. फरक इतकाच की त्या पट्ट्यातले उद्योग गेले तरी त्याच मातीत जन्मलेली शर्यत राहिली, आणि आज जगाला रूबे हे नाव ठाऊक आहे ते तिच्यामुळेच.

आता या रस्त्याचे तंत्र पाहू. १९७७ पासून शर्यत पॅरिसऐवजी त्याच्या ईशान्येला सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या कोंपिएन्यहून सुटते. एकूण अंतर साधारण २६० किलोमीटर. पहिले शंभरेक किलोमीटर डांबरी, मग दगड सुरू. सुमारे ५५ किलोमीटरचा दगडी रस्ता तीसच्या आसपास तुकड्यांत विभागलेला असतो आणि या तुकड्यांना उलटे क्रमांक असतात : तीस, एकोणतीस करत एकपर्यंत. लांबी आणि खडबडीतपणा पाहून प्रत्येकाला एक ते पाच तारे दिले जातात. पाच तारे मिळवणारे तीनच : आरेनबेर्ग, मों-आं-पेव्हेल आणि रूबेपासून १७ किलोमीटर अलीकडे असलेला कार्फूर द लार्ब्र.

दगड ओबडधोबड चौकोनी असतात. रस्ता मध्ये फुगलेला, कडांना उतरता, कारण बीटची पिके वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांनी दोन्ही बाजू दाबल्या गेलेल्या असतात. कोरड्या दिवशी धुळीने समोरचे दिसत नाही. पावसात तर मधल्या फुगवट्यावरून जरा ढळले की सायकल घसरून बाजूला जाते. सपाट डांबरावर पुढच्याच्या मागे दडून राहिले की वाऱ्याचा मारा चुकतो आणि बरीच ताकद वाचते. सांघिक सायकलिंगचा पायाच हा. दगडांवर हा फायदा कमी होतो, शिवाय पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिले तर समोरचा दगड दिसत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आधीचा डांबरी रस्ता हीच एक छोटी शर्यत होते. सगळ्यांना पहिल्या वीसात शिरायचे असते आणि रस्ता पाच-सहा जणांपुरता. मागे राहिलेल्याच्या पुढे कुणी पडले तर तो निर्दोष असूनही संपला.

हँडल आवळून धरले की हात बधिर होतात, म्हणून जुने लोक सांगतात की हँडल सैल धरा, मोठा गिअर लावा, वेग कमी होऊ देऊ नका. हळू गेले तर प्रत्येक दगड वेगळा जाणवतो. जड, ताकदवान सायकलपटूंना इथे फायदा मिळतो आणि डोंगरांत उडणारे हलके खेळाडू सहसा या वाटेला जात नाहीत. टायरांचा इतिहासही बोलका आहे. १९९० च्या दशकात पुढच्या चाकाला माउंटन बाइकसारखे स्प्रिंगचे फोर्क लावून पाहिले. झिल्बेर द्युक्लो-लासाल १९९२ आणि १९९३ साली तसेच फोर्क लावून जिंकला. पुढे ते मागे पडले आणि उत्तर टायरमध्येच सापडले. रुंद टायर, त्यात कमी हवा. एके काळी २५ मिलिमीटर रुंद टायरांवर दगड झेलणारे सायकलपटू आता ३२ मिलिमीटर आणि त्याहून रुंद ट्यूबलेस टायर वापरतात. सायकल चालू असतानाच टायरमधली हवा कमी-जास्त करणारी यंत्रणाही काही संघांनी २०२३ पासून वापरून पाहिली आहे.

या सगळ्यामागे राबणाऱ्या लोकांची नावे निकालपत्रात येत नाहीत. ‘लेझ आमी द पॅरिस-रूबे’, म्हणजे पॅरिस-रूबेचे मित्र, या नावाची स्वयंसेवकांची संस्था गेली चार दशके हे दगड सांभाळते आहे. उद्यानविद्येचे शिक्षण घेणारे विद्यार्थीही त्यांच्या हाताखाली काम शिकतात. खचलेल्या जागचे दगड उपटायचे, खालचा थर पुन्हा करायचा, पाणी वाहून जायला वाट ठेवायची, दगड हाताने बसवायचे आणि फटींत वाळू भरायची. अभियांत्रिकीच्या दृष्टीने पाहिले तर गंमत अशी की दुरुस्ती फार चांगली होऊन चालत नाही. रस्ता गुळगुळीत झाला तर शर्यत गेली आणि खड्डे पडले तर सायकलपटूंच्या जिवावर बेतते. मधला नेमका खडबडीतपणा टिकवायचा असतो. वर हौशी लोक आठवण म्हणून दगड उचलून नेतात, तेही भरून काढावे लागतात. २००५ साली आरेनबेर्ग इतके खचले होते की त्या वर्षी ते मार्गातून वगळून दुरुस्त करावे लागले.

इतर खेळांत मैदानाला खेळाडूचे नाव देतात, इथे रस्त्याच्या तुकड्याला देतात. फिशरनंतर दुसरा जर्मन विजेता मिळायला २०१५ साल उजाडले, तो जॉन डेगेनकोल्ब. पुढे कनिष्ठ गटाची पॅरिस-रूबे पैशाअभावी बंद पडायला आली तेव्हा त्याने मदतीसाठी पुढाकार घेतला आणि ती वाचली. आता ३.७ किलोमीटरचा एक लांबलचक तुकडा त्याच्या नावाने ओळखला जातो.

या दगडांनी केलेले चमत्कार आणि अन्याय सांगायचे तर एक ग्रंथ होईल. १९४९ साली आघाडीवरच्या तिघांना वेलोड्रोमबाहेर कुणीतरी चुकीची वाट दाखवली. आंद्रे माए आणि त्याचे दोन साथीदार भलत्याच दरवाजातून आत आले. माए पहिला आला, पण तक्रारी झाल्या आणि मागून आलेल्या घोळक्यातला पहिला सेर्से कोप्पी, म्हणजे थोर फाउस्तो कोप्पीचा भाऊ, विजेतेपदावर हक्क सांगू लागला. काही महिने वाद घालून शेवटी दोघांनाही विजेते ठरवले. बर्नार इनो ही शर्यत मनापासून नावडत असूनही १९८१ साली उतरला, अनेकदा पडला, एकदा तर समोर कुत्रे आले म्हणून, आणि तरी जिंकला. पुढच्या वर्षी विजेत्याचे कर्तव्य म्हणून आला, त्यानंतर कधी फिरकला नाही. १९९३ मध्ये फ्रँको बॅलेरिनीने रेषा ओलांडून विजयाचा जल्लोष सुरू केला आणि मग छायाचित्राने सांगितले की वितभराहूनही कमी अंतराने ३८ वर्षांचा द्युक्लो-लासाल जिंकला आहे. बॅलेरिनी पुढे दोनदा जिंकला, हे वाचून बरे वाटते.

२००६ ची गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते. पाठलाग करणाऱ्या तिघांनी रेल्वेचे बंद होत असलेले फाटक ओलांडले. मागचे लोक थांबले. काही सेकंदांत मालगाडी गेली. त्या तिघांना शर्यतीनंतर बाद केले आणि व्यासपीठावरच्या जागा बदलल्या. कितीही मोठी शर्यत असली तरी फाटक ते फाटकच.

बेल्जियमचा योहान मुसेऊ १९९८ साली आरेनबेर्गमध्ये पडला. गुडघ्याची वाटी फुटली, जखमेत गँगरीन झाले, पाय कापावा लागेल अशी वेळ आली. दोन वर्षांनी तो याच शर्यतीत एकटा वेलोड्रोममध्ये शिरला आणि रेषा ओलांडताना पाय उचलून त्याने गुडघ्याकडे बोट दाखवले. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा मॅथ्यू हेमन पाच-सहा आठवड्यांपूर्वी हात मोडलेला असताना घरात जागेवर बसवलेल्या सायकलवर सराव करून आला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या या ३७ वर्षांच्या सायकलपटूने धावपट्टीवर टॉम बोनेनला हरवले. बोनेन पाचव्या विजयाच्या शोधात होता. रॉजर द व्लामिंक आणि बोनेन यांचे प्रत्येकी चार विजय हा विक्रम आजही तसाच आहे.

पण सगळेच परत येत नाहीत. ८ एप्रिल २०१८ रोजी बेल्जियमच्या २३ वर्षांच्या मिकाएल गूलार्ट्सचे हृदय शर्यतीतच बंद पडले आणि त्या रात्री तो गेला. आरेनबेर्गमध्ये शिरतानाचा वेग कमी व्हावा म्हणून सायकलपटूंच्या संघटनेच्या मागणीवरून २०२४ साली जंगलाच्या तोंडाशी अरुंद नागमोडी वळण केले. त्यावर टीका झाली, थट्टाही झाली, आणि २०२५ मध्ये वेगळी वळणदार वाट काढली गेली. दगड आणि धोका यांतच शर्यतीचे मोल आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की धोका पत्करणारे ते स्वतः नसतात.

स्त्रियांना या शर्यतीत यायला १२५ वर्षे लागली. २०२० ची नियोजित शर्यत कोविडमुळे रद्द झाली आणि २ ऑक्टोबर २०२१ रोजी स्त्रियांची पहिली पॅरिस-रूबे पार पडली. ब्रिटनची लिझी डाइग्नन दगडांच्या पहिल्याच तुकड्यावर, ऐंशीहून अधिक किलोमीटर शिल्लक असताना, एकटी पुढे निघाली ती कुणाच्या हाती लागलीच नाही. हातमोजे घातले नव्हते. रेषेवर तिच्या हँडलच्या पट्टीवर रक्ताचे डाग होते. बक्षीस १,५३५ युरो, पुरुष विजेत्याला ३०,०००. फरकाची रक्कम तिच्या संघाने दिली. २०२५ मध्ये फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात स्त्रियांची टूर द फ्रान्सही तिनेच जिंकली.

पुरुषांत सध्याचा काळ नेदरलँड्सच्या माथ्यू व्हान डर पूलचा. २०२३, २०२४ आणि २०२५ असे सलग तीन विजय मिळवून तो लापीझ आणि इटलीचा फ्रांचेस्को मोझर यांच्या ओळीत बसला. २०२४ मध्ये तो शेवटचे ६० किलोमीटर एकटा होता आणि त्या शर्यतीची सरासरी ताशी ४७.८ किलोमीटर निघाली. फिशरच्या ३० शी ताडून पाहावी. २०२५ मध्ये टूर द फ्रान्सचा विजेता तादेय पोगाचार पहिल्यांदाच मोठ्यांच्या पॅरिस-रूबेत उतरला. डोंगरांचा राजा इथे हरणार, असे जाणकार म्हणत होते. तो शेवटच्या ४० किलोमीटरपर्यंत व्हान डर पूलच्या बरोबर राहिला, एका वळणावर वेगाचा अंदाज चुकून बाहेर गेला आणि दुसरा आला. त्याच दिवशी एका प्रेक्षकाने व्हान डर पूलच्या तोंडावर पाण्याची बाटली फेकून मारली. असल्या प्रेक्षकाला कायमचे घरी बसवायला हवे.

शेवट अजूनही वेलोड्रोममध्येच होतो. सायकलपटू आत येतात, धावपट्टीचा दीड फेरा मारतात आणि संपते. विजेत्याला करंडक म्हणून लाकडी बैठकीवर बसवलेला रस्त्याचा एक दगड मिळतो. शेजारी काँक्रीटचे जुने न्हाणीघर आहे. त्याच्या प्रत्येक कप्प्यावर एका जुन्या विजेत्याच्या नावाची पितळी पाटी. संघांच्या आलिशान बसगाड्यांत आता गरम पाणी असते, तरी काही खेळाडू अजूनही मुद्दाम तिथेच अंघोळीला जातात.

शर्यत एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी असते, बहुधा दुसऱ्या. पूर्ण सहा तास पाहायला वेळ नसेल तर भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळी सहाच्या आसपास टीव्ही किंवा मोबाइल लावावा. त्या सुमाराला ते आरेनबेर्गमध्ये शिरत असतात आणि साडेआठपर्यंत निकाल लागलेला असतो.